निवेदनतंत्र आणि पर्यावरण कार्यकर्तीची प्रतिमा : वांगारी माथाई यांच्या 'अनबाउड'च्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

पर्यावरण चळवळींचा इतिहास सर्वसामान्य वाचकापर्यंत बहुधा व्यक्तींच्या कथांमधून पोहोचतो. धोरणे, अहवाल, आकडेवारी आणि न्यायालयीन निर्णय यांचे वाचन मोजकेच लोक करतात. याउलट झाडासाठी, नदीसाठी अथवा जमिनीसाठी उभ्या राहिलेल्या एखाद्या व्यक्तीची कथा शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत सर्वच वाचतात. त्यामुळे अशी व्यक्ती कोणत्या पद्धतीने सांगितली जाते, हा प्रश्न केवळ साहित्यसमीक्षेपुरता मर्यादित राहत नाही. एकाच व्यक्तीचे एका कथनात संतचरित्र होते, दुसऱ्यात ती हट्टी बंडखोर ठरते, तर तिसऱ्यात ती कुशल संघटक म्हणून समोर येते. घटना बहुतांशी त्याच असतात. बदलते ते निवेदन.

केनियातील पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई (१९४०–२०११) यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. हरित पट्टा चळवळीच्या या संस्थापिकेला २००४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री होत. त्यांचे 'अनबाउड' हे आत्मकथन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. 'न झुकलेली' असा या शीर्षकाचा अर्थ सांगता येईल. त्यानंतर अवघ्या चार-पाच वर्षांत त्यांच्या जीवनावर बालवाचकांसाठी अनेक सचित्र पुस्तके निघाली आणि एक महत्त्वाचा माहितीपटही तयार झाला. एकच कार्यकर्ती वेगवेगळ्या कथनरूपांतून कशी घडत जाते, हे पडताळून पाहण्याची दुर्मीळ संधी या साहित्यामुळे उपलब्ध झाली आहे. 'अनबाउड'मधील निवेदनतंत्राचे विवेचन करून त्या पार्श्वभूमीवर अन्य कथनरूपांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवेदनतंत्र : संकल्पना

निवेदनतंत्र म्हणजे कथा सांगण्यासाठी केलेल्या निवडींचा समुच्चय. कोण सांगतो, कोणाच्या नजरेतून सांगतो, कोणत्या क्रमाने सांगतो, कशावर किती पृष्ठे खर्च करतो आणि काय वगळतो, या सर्व बाबींचा त्यात समावेश होतो. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये केलेल्या मांडणीत 'कोण बोलतो?' आणि 'कोण पाहतो?' हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे केले. तसेच घटना घडण्याचा काळ आणि घटना सांगण्याचा काळ यांतील संबंधाची क्रम, अवधी आणि वारंवारता या तीन अंगांनी चिकित्सा केली. अवधीच्या संदर्भात 'दृश्य' आणि 'सारांश' हा भेद महत्त्वाचा ठरतो. दृश्यात काही मिनिटांची घटना अनेक पृष्ठे व्यापते, तर सारांशात अनेक वर्षे एका परिच्छेदात मावतात.

आत्मकथनात आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. त्यातील 'मी' दुहेरी असतो. एक अनुभव घेणारा 'मी' आणि दुसरा, पुष्कळ काळानंतर तो अनुभव सांगणारा 'मी'. या दोहोंत ज्ञानाचे अंतर असते. हे अंतर निवेदक कसे हाताळतो, यावर वाचकाचा विश्वास अवलंबून असतो.

पर्यावरण कार्यकर्त्याच्या संदर्भात ही संकल्पनात्मक साधने तीन प्रश्नांशी जोडता येतात. पहिला प्रश्न प्रेरणेचा : ही व्यक्ती या कार्याकडे का वळली? दुसरा प्रश्न काळाचा : पर्यावरणाची हानी संथ गतीने होत असताना कथेत ती दिसावी कशी? तिसरा प्रश्न कर्तृत्वाचा : झालेल्या कामाचे श्रेय कोणाकडे जाते?

उंबराचे झाड आणि दोन 'मी'

'अनबाउड'चा आरंभ नोबेल पारितोषिकाने होत नाही, तसा तो एखाद्या सभेने वा अटकेनेही होत नाही. तो होतो न्येरी परिसरातील इहिथे या खेड्यातील जन्माने. किकुयू समाजातील जन्मविधीचे वर्णन करताना निवेदिका सांगते, की बाळंतिणीसाठी गावातील स्त्रिया आपापल्या शेतातील केळी, ऊस, रताळी आणत आणि आईच्या दुधापूर्वी नवजात मुलीच्या तोंडात या पिकांचा रस पडे. या वर्णनात 'मी'ला स्वतंत्र कर्तृत्व जवळजवळ नाही. व्यक्तीच्या आधी जमीन, पीक आणि गावातील स्त्रिया येतात. पुढे चळवळीत ज्या घटकांना केंद्रस्थान मिळणार आहे, ते सर्व पहिल्याच प्रसंगात वाचकासमोर उभे राहतात.

यानंतर येतो किकुयू भाषेत 'मुगुमो' म्हणून ओळखला जाणारा वृक्ष. वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातील हा वृक्ष. याच्या खालचे सरपण गोळा करायचे नाही, कारण हे देवाचे झाड आहे, अशी आईची ताकीद असते. झाडाजवळ एक झरा वाहतो. त्या झऱ्यातील बेडकांची अंडी मण्यांसारखी चमकतात आणि लहानगी वांगारी ती वेचू पाहते. पण हाताचा स्पर्श होताच ती विखुरतात. उंबराखाली चूल पेटविण्याचेही टाळणाऱ्या घरांतील मराठी वाचकाला या ताकिदीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या प्रसंगात दोन 'मीं'चे नाते स्पष्ट होते. अनुभवणाऱ्या मुलीला केवळ निषेध ठाऊक आहे. त्याचे कारण ठाऊक नाही. सांगणारी 'मी' ही जीवशास्त्राची अभ्यासक आहे. तिने अमेरिकेत कॅन्सस आणि पिट्सबर्ग येथे शिक्षण घेतले आहे आणि १९७१ मध्ये नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आहे. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळविणारी ती पहिली स्त्री मानली जाते. या वृक्षाची मुळे खडक भेदून भूजलापर्यंत पोहोचतात, ती उताराची माती धरून ठेवतात आणि झऱ्याला आधार देतात, हे तिला आता माहीत आहे. तथापि, हे स्पष्टीकरण आईच्या श्रद्धेला खोडून काढण्यासाठी येत नाही. श्रद्धेने जे जपले होते, त्याची उपयुक्तता विज्ञान नंतर उलगडते, अशी मांडणी येथे आहे. पुढे जमिनीची मालकी बदलते, चहाच्या लागवडीसाठी झाड तोडले जाते आणि झरा आटतो.

कार्यकर्तीच्या प्रतिमेवर या तंत्राचा निश्चित परिणाम होतो. परदेशातून शिकून आलेली आणि खेड्याला शहाणपण शिकवू पाहणारी विदुषी, अशी प्रतिमा येथे तयार होऊ शकली असती. ज्ञानाचा क्रम उलटा लावल्यामुळे ती तयार होत नाही. खेड्याजवळ जे होते आणि वसाहतकाळापासून जे पुसले गेले, त्याचे मोल ओळखणारी अभ्यासक, अशी तिची ओळख पटते. १० डिसेंबर २००४ रोजी ओस्लो येथे दिलेल्या नोबेल व्याख्यानाचा शेवटही माथाई यांनी याच झऱ्याच्या आठवणीने केला होता. या आठवणीचे त्यांच्या कथनातील स्थान किती मध्यवर्ती आहे, हे त्यावरून समजते.

संथ हानी आणि कथेची गती

पर्यावरणविषयक लेखनापुढे एक मूलभूत तांत्रिक अडचण असते. कथेला घटना हवी असते, तर जमिनीची धूप, जंगलाची विरळ होत जाणारी छाया, झऱ्यांचे आटणे आणि अन्नातील सत्त्वांची घट या गोष्टी घटना म्हणून घडत नाहीत. त्या दशकानुदशके चालू राहतात. समीक्षक रॉब निक्सन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा हानीला 'संथ हिंसा' असे संबोधले आणि तिच्या विवेचनात माथाई यांच्या लेखनासाठी एक प्रकरण दिले. नजरेस न भरणारी हिंसा दृश्यमान करणे हे लेखक-कार्यकर्त्याचे काम असते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

'अनबाउड'मध्ये यासाठी योजलेले मुख्य तंत्र म्हणजे पुनर्भेट. निवेदिका त्याच प्रदेशात ठरावीक अंतराने परत येते आणि प्रत्येक वेळी जुने चित्र नव्या चित्राशेजारी ठेवते. पावसानंतर स्वच्छ वाहणारे बालपणीचे ओढे नंतरच्या भेटीत गढूळ, मातीने तांबडे झालेले दिसतात. देशी जंगलाच्या जागी झटपट वाढणाऱ्या विदेशी झाडांची व्यापारी लागवड दिसते, तर मिश्र शेतीच्या जागी चहा-कॉफीची नगदी पिके दिसतात. दोन भेटींमधील काळ सारांशाने सांगितला जातो. परंतु प्रत्येक भेट दृश्यरूपाने येते. वाचकाला हानीची प्रक्रिया दिसत नसली, तरी तिची दोन टोके स्पष्ट दिसतात. मधला दुवा जोडण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते.

दुसरे तंत्र आहे विलंबाचे. हरित पट्टा चळवळीचा जन्म पुस्तकात बराच उशिरा होतो. त्याआधी बालपण, मिशनच्या शाळा, आणीबाणीचा काळ, १९६० मध्ये मिळालेली अमेरिकेतील शिक्षणाची संधी, स्वातंत्र्यानंतरचा केनिया, विद्यापीठातील नोकरी आणि समान वेतन-सवलतींसाठीचा झगडा असा मोठा प्रवास येतो. पर्यावरण हा आयुष्यात अचानक उतरलेला साक्षात्कार नसून शिक्षण, स्त्रीत्व, वसाहतवाद आणि नागरिकत्व या सर्व धाग्यांतून विणला गेलेला विषय आहे, हे या विलंबामुळे ठसते.

विलंबाइतकेच महत्त्व अपयशाच्या नोंदींना आहे. रोपवाटिका व्यवसाय म्हणून चालविण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि रोपे पाण्याअभावी वाळली, हे निवेदिका आडपडदा न ठेवता सांगते. ५ जून १९७७ रोजी नैरोबीतील कामुकुंजी येथे राष्ट्रीय महिला परिषदेच्या कार्यक्रमात केनियातील विविध समाजांतील सात नेत्यांच्या स्मरणार्थ सात झाडे लावण्यात आली. चळवळीचा हा आरंभबिंदू. त्यांतील बहुतेक झाडे जगली नाहीत, हेही कथनात येते. चरित्रनायकाला उजळ करणारे लेखन अशा नोंदी गाळते. येथे त्या राखल्यामुळे पुढील यशाला चमत्काराचे रूप येत नाही. चुकांतून शिकत गेलेल्या कार्यपद्धतीचे रूप येते.

'मी'कडून 'आम्ही'कडे

आत्मकथन हा एका व्यक्तीचा साहित्यप्रकार आहे, तर चळवळ ही अनेकांची कृती आहे. ज्या कार्यकर्तीचे श्रेष्ठत्व सामूहिक कामात आहे, तिने एकवचनी साहित्यप्रकारात स्वतःला कसे मांडावे, हा पेच येथे उभा राहतो. मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. बेबी कांबळे यांनी आपल्या आत्मकथनाला 'जिणं आमुचं' हे नाव दिले, त्या शीर्षकातील अनेकवचनातच त्यांनी या पेचाचे उत्तर दिले होते.

'अनबाउड'मधील उत्तर प्रामुख्याने चळवळीच्या कार्यपद्धतीच्या वर्णनात सापडते. या कामाची कल्पना निवेदिकेच्या एकांतातील चिंतनातून उगवल्याचे पुस्तक सांगत नाही. महिला परिषदेच्या व्यासपीठावर ग्रामीण स्त्रियांनी आपल्या अडचणी मांडल्या : सरपण नाही, स्वच्छ पाणी नाही, पौष्टिक अन्न नाही, उत्पन्नाचे साधन नाही. झाडे लावावीत हा विचार त्या तक्रारींना दिलेला प्रतिसाद म्हणून येतो. रोपे तयार करण्याचे तांत्रिक ज्ञान वनखात्यातील तज्ज्ञांकडून मिळवू पाहता ते स्त्रियांच्या उपयोगी पडेना. तेव्हा त्यांनी शेतीतील आपला अनुभव वापरला. फुटक्या भांड्यांत बी पेरले, रानातून बिया गोळा केल्या आणि एकमेकींना शिकविले. या स्त्रियांना पुस्तकात 'पदविका नसलेल्या वनाधिकारी' असे अभिमानाने म्हटले आहे. जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना अल्प मोबदला मिळे आणि तोही रोप जगल्याची खात्री झाल्यावरच. किमान हजार झाडांच्या ओळी लावण्याच्या पद्धतीवरून 'हरित पट्टा' हे नाव रूढ झाले.

या भागात निवेदनाचे स्वरूप लक्षणीय रीतीने बदलते. बालपणाच्या कथनातील भावपूर्ण, चित्रमय शैली मागे पडते आणि तिची जागा कृतीच्या पायऱ्या सांगणारे, जवळजवळ मार्गदर्शिकेसारखे गद्य घेते. प्रथमपुरुषी एकवचनाऐवजी अनेकवचन वारंवार येऊ लागते. साहित्यिक दृष्टीने हा भाग रुक्ष वाटण्याची शक्यता आहे. परंतु कार्यकर्तीच्या प्रतिमेच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. काम दुसऱ्या कोणालाही करता यावे, अशा रीतीने ते सांगितले आहे. जे इतरांना करता येते ते असामान्यत्वाचे लक्षण राहत नाही.

संघर्षाचे निवेदन : पत्र, कागद आणि देह

१९८९ पासून पुस्तकाची गती बदलते. नैरोबीतील उहुरू पार्क या सार्वजनिक उद्यानात साठ मजली इमारत आणि तिच्यासोबत राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांचा पुतळा उभारण्याची योजना सत्ताधारी पक्षाशी संबंधित माध्यमसमूहाने आखली होती. माथाई यांनी तिला विरोध केला. या प्रसंगाचे निवेदन मुख्यतः पत्रव्यवहारातून पुढे सरकते. कोणत्या कार्यालयाला कोणते पत्र लिहिले, उत्तर आले की नाही, संसदेत कोणती टीका झाली आणि संघटनेला शासकीय कार्यालय कसे सोडावे लागले, हे क्रमाने येते. विरोधकांनी चळवळीतील स्त्रियांची घटस्फोटिता म्हणून हेटाळणी केली, तर राष्ट्राध्यक्षांनी आफ्रिकी परंपरेतील स्त्रीने पुरुषांचा मान राखून गप्प राहावे, असे सुनावले. अखेर परदेशी गुंतवणूकदार मागे हटले आणि योजना बारगळली.

या टीकेला निवेदिका देत असलेला प्रतिसाद संयमी, अधूनमधून मिस्कील आहे. संतापाचे शब्द अल्प आहेत. तपशील मात्र भरपूर आहेत. 'वेडी', 'हट्टी', 'बेलगाम' अशी जी प्रतिमा सत्तेने उभी केली होती, तिला प्रत्युत्तर देण्याचे हे कथनगत साधन आहे. माथेफिरू ठरविलेली स्त्री जेव्हा पत्रांच्या क्रमाने आणि नागरिकाच्या हक्काच्या भाषेत बोलते, तेव्हा अविवेक कोणत्या बाजूला आहे, याचा निर्णय वाचक स्वतःच करतो. खासगी आयुष्यातील संघर्षही याच रीतीने सांगितला आहे. घटस्फोटाच्या खटल्यानंतर न्यायाधीशांवर केलेल्या टीकेमुळे त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि तीन दिवसांनी सुटका झाली. माजी पतीने आपले आडनाव वापरण्यास हरकत घेतली, तेव्हा 'मथाई' या नावात एक स्वर वाढवून त्यांनी 'माथाई' असे नाव केले. हा प्रसंग लहान आहे. परंतु इतरांनी ठरवून दिलेल्या ओळखीत स्वतःच्या हाताने बदल करणारी स्त्री त्यातून जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती कोणत्याही विशेषणाने दिसली नसती.

जेथे कागद संपतो तेथे देह येतो. १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या मातांनी उहुरू पार्कमध्ये उपोषण आरंभिले. ३ मार्च रोजी पोलिसांनी अश्रुधूर आणि लाठ्यांचा वापर केला, तेव्हा वृद्ध मातांपैकी काहींनी आपली वस्त्रे उतरविली. मुलांच्या वयाच्या पुरुषांसमोर आईने नग्न होणे हा त्या समाजात शाप मानला जातो. माथाई स्वतः या हल्ल्यात बेशुद्ध पडल्या. ८ जानेवारी १९९९ रोजी करुरा अरण्यात झाड लावू पाहताना भाडोत्री रक्षकांनी त्यांचे डोके फोडले आणि त्यांनी पोलीस ठाण्यातील तक्रारीवर रक्ताने सही केली. ही दृश्ये पुस्तकातील सर्वाधिक नाट्यमय दृश्ये आहेत. तथापि, मातांच्या प्रसंगात केंद्रस्थानी निवेदिका नाही, त्या माता आहेत. वृक्षारोपण ज्या लोकशाही हक्कांच्या आधारावर उभे असते, त्या हक्कांचा प्रश्न येथे समोर येतो. सार्वजनिक जमीन कोणाची, हा प्रश्न विचारता येत नसेल, तर त्या जमिनीवरील झाडही टिकत नाही.

अन्य कथनरूपांतील माथाई

आत्मकथनानंतर आलेल्या बालसाहित्यात निवेदनतंत्र बदलताच प्रतिमाही बदलल्याचे दिसते. जनेट विंटर यांच्या 'वांगारीज ट्रीज ऑफ पीस' या २००८ मधील सचित्र पुस्तकात वांगारी आपल्या अंगणात नऊ रोपे लावते आणि तेथून कार्याचा आरंभ होतो. आत्मकथनातील सार्वजनिक समारंभ, महिला परिषद आणि सात समाजांचे सात नेते यांची जागा एका स्त्रीच्या अंगणाने घेतली आहे. मात्र या पुस्तकाने हिंसा टाळलेली नाही. मारहाण आणि तुरुंगवास बालवाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवले आहेत. क्लेअर निव्होला यांच्या त्याच वर्षीच्या पुस्तकात सैनिकांच्या हातीही रोप देणारी वांगारी दिसते. तेथे भर समेटावर आहे.

डोना जो नापोली यांचे, कादिर नेल्सन यांच्या चित्रांनी सजलेले 'मामा मिटी' हे २०१० मधील पुस्तक लोककथेच्या साच्यात बांधले आहे. या स्वाहिली नावाचा अर्थ 'वृक्षांची आई' असा होतो. एकेक स्त्री आपली अडचण घेऊन येते, वांगारी प्रत्येकीला योग्य झाड सुचविते आणि तोच प्रसंग पुनःपुन्हा घडतो. जेनेट यांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे वारंवारता हे प्रमुख तंत्र आहे. मुलांना ही लय आवडते आणि कोणते झाड कशासाठी उपयोगी, याची माहितीही मिळते. परंतु या साच्यामुळे ज्ञानाची दिशा उलटते. आत्मकथनात अडचणही स्त्रियांनी मांडली होती आणि रोपे वाढविण्याची रीतही त्यांनीच शोधली होती. लोककथेत प्रश्न स्त्रियांचे आणि उत्तरे वांगारीची होतात. संघटक स्त्रीची ज्ञानी माता होते. चित्रांचे सौंदर्य निर्विवाद आहे, हेतूही उत्तम आहे. तरीही साच्याने आपले काम केलेच आहे.

लिसा मर्टन आणि ॲलन डेटर यांच्या 'टेकिंग रूट' या २००८ मधील माहितीपटात वेगळी शक्यता दिसते. येथे माथाई बोलतात, त्याचबरोबर खेड्यातील स्त्रियाही कॅमेऱ्यासमोर बोलतात आणि संघर्षाच्या काळातील चित्रफितीही दिसतात. निवेदनाचा अधिकार विभागला गेल्यामुळे 'आम्ही' हा केवळ व्याकरणातील शब्द न राहता त्याला चेहरे आणि आवाज लाभतात.

'अनबाउड'च्या मर्यादा

या तुलनेतून आत्मकथनाच्या मर्यादाही उघड होतात. 'आम्ही' हे सर्वनाम कितीही वेळा आले तरी ते उच्चारणारी व्यक्ती एकच आहे. रोपे वाढविणाऱ्या हजारो स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रिया समूह म्हणून येतात. त्यांची नावे, त्यांचे मतभेद आणि चळवळीतून बाहेर पडणाऱ्यांची कारणे यांना फारसे स्थान मिळत नाही. प्रकाशनव्यवहारही एकवचनाच्याच बाजूने उभा राहतो. ब्रिटनमधील २००७ च्या आवृत्तीला 'एका स्त्रीची कहाणी' अशा अर्थाचे उपशीर्षक होते. शिवाय कथनाचा शेवट नोबेल पारितोषिकाच्या वार्तेकडे झुकत असल्यामुळे संपूर्ण आयुष्याला विजयाकडे जाणाऱ्या रेषेचे रूप येते. २००२ मध्ये प्रचंड बहुमताने संसदेत निवडून गेलेल्या माथाई २००७ च्या निवडणुकीत पराभूत झाल्या. तो पराभव २००६ मधील पुस्तकात येणे शक्यच नव्हते. आत्मकथन एका विशिष्ट क्षणी थांबते आणि तो क्षण प्रतिमेवर आपला रंग चढवितो, याचे भान वाचकाने ठेवणे आवश्यक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्देशानंतर पर्यावरणविषयक शिक्षणाला अभ्यासक्रमात अनिवार्य स्थान मिळण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि पुढे पदवी स्तरावरील सर्व शाखांत हा विषय पोहोचला. या विषयाच्या अध्यापनात कार्यकर्त्यांची चरित्रे उदाहरणादाखल वापरली जातात. त्या चरित्रांचे संक्षेप करताना बहुधा संघटना, कायदा, पत्रव्यवहार आणि अपयश हे घटक सर्वप्रथम गाळले जातात आणि उरतो तो धीरोदात्त नायक. अशा संक्षेपातून विद्यार्थ्याला आदर शिकता येतो. कृती शिकता येत नाही. पर्यावरणरक्षण हे थोरांचे काम आहे, आपले काम त्यांच्या जयंतीला एक झाड लावण्याचे आहे, असा समज दृढ होतो. साहित्याच्या आणि पर्यावरण अभ्यासाच्या अध्यापकांनी एकाच कार्यकर्त्याची दोन-तीन कथने वर्गात शेजारी शेजारी ठेवली, तर काय गाळले गेले हे विद्यार्थी स्वतः शोधू शकतात.

निष्कर्ष

१. पर्यावरण कार्यकर्त्याची प्रतिमा घटनांइतकीच निवेदनाच्या निवडींवर अवलंबून असते. निवेदक, कालक्रम, अवधी आणि वगळणूक यांतील बदलाने तीच व्यक्ती संघटक, माता, नायिका वा बंडखोर ठरते.

२. 'अनबाउड'मध्ये दोन 'मीं'मधील अंतर, पुनर्भेटीचे तंत्र, चळवळीच्या आगमनातील विलंब आणि अपयशाच्या नोंदी यांमुळे साक्षात्कारी नायिकेऐवजी शिकत गेलेली नागरिक साकार होते.

३. कार्यपद्धतीचे पायरीपायरीने केलेले निवेदन साहित्यिक दृष्टीने अनाकर्षक वाटले, तरी श्रेयाचे वाटप करण्याचे ते सर्वांत प्रभावी साधन ठरते.

४. लोककथेच्या साच्यातील बालसाहित्य स्मरणीय असते. मात्र त्यात ज्ञानाचा प्रवाह समूहाकडून व्यक्तीकडे येण्याऐवजी व्यक्तीकडून समूहाकडे वळतो. अनेक आवाजांचा माहितीपट हा दोष बऱ्याच अंशी टाळतो.

५. कोणतेही एक कथन कार्यकर्त्याचे पूर्ण दर्शन घडवू शकत नाही. नोबेल पारितोषिकाच्या वेळी तीन कोटींहून अधिक मानली गेलेली झाडे एका स्त्रीने लावलेली नव्हती. ती लावणाऱ्या हातांना वाक्यात कर्त्याचे स्थान मिळते की नाही, हे पाहणे हीच अशा कथनाची खरी कसोटी होय.